समासातली टिंबे

शाळेत सगळे त्यांना टिंबसर म्हणत. नाव मुलांनी ठेवले, शिपायाने पसरवले आणि पुढे ते शिक्षकांच्या खोलीतही रुळले. खुद्द सरांच्या कानांवर ते आले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. एका मुलाच्या इंग्रजीच्या वहीत, शेवटच्या पानावर, ते इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलेले सापडले, तेव्हा मात्र त्यांनी त्या ओळीसमोर समासात पेन्सिलीने एक बारीक टिंब दिले. मुलगा दोन दिवस ते पान न्याहाळत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने नावाचे पहिले अक्षर मोठे केले आणि मान खाली घालून वही पुढे केली.

"बरोबर," सर म्हणाले. "विशेषनाम आहे. कोणाचंही असो."

त्यांचा विषय इंग्रजी व्याकरण. मोठे अक्षर कुठे, स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, मुख्य वाक्य कोणते आणि त्याच्या आधाराने उभे राहणारे गौण वाक्य कोणते, हे ते सहावी ते आठवीच्या मुलांना सव्वीस वर्षे शिकवत आले होते. घरून निघताना त्यांच्या खिशात टोक केलेल्या दोन पेन्सिली असत. एक लिहिण्यासाठी आणि दुसरी, पहिलीचे टोक मोडले तर. टोक मोडण्याचा प्रसंग सव्वीस वर्षांत फार तर चार वेळा आला असेल, पण दुसरी पेन्सिल एकदाही घरी राहिली नाही.

टिंबांची गोष्ट त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. तेव्हा तेही इतरांसारखे लाल शाईने तपासत. वह्या रक्तबंबाळ होऊन परत जात आणि मुले निबंध स्वच्छ लिहून आणत. एका मुलाने सहलीवरचा निबंध असा लिहून आणला की त्यात चूक म्हणून औषधाला उरली नव्हती. फक्त मध्येच, बस सुटते आणि तळे दिसू लागते या दोहोंच्या दरम्यान, "अक्षर सुधारा" असे एक वाक्य आले होते. सरांचाच शेरा त्याने निबंधात उतरवून घेतला होता. शिक्षकांच्या खोलीत सगळे पोट धरून हसले. सरांना हसू आले नाही. मुलगा वाचत नाही, डोळ्यांनी उचलतो आणि हाताने ठेवतो, हे त्यांच्या मनाला लागले. लाल पेन त्याच आठवड्यात बंद झाले.

त्याच्या जागी पद्धत आली ती अशी: ज्या ओळीत चूक त्या ओळीसमोर, समासात, एका चुकीला एक टिंब. दोन चुका असल्या तर दोन टिंबे. चूक कोणती ते सर सांगणार नाहीत. ती मुलाने शोधायची आणि समोरच्या कोऱ्या पानावर निबंध पुन्हा लिहायचा. काही मुले उत्साहाच्या भरात बरोबर वाक्यांचीही वाट लावून ठेवत, म्हणून वर्गाच्या भिंतीवर सरांनी स्वतःच्या हाताने दोन ओळींचा एक कागद लावला होता. टिंब आहे तिथे चूक आहे. टिंब नाही तिथे हात लावू नये.

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही ठरलेली होती. गौण वाक्याच्या पाठाला ते वर्गात येत, फळ्यावर इंग्रजीत "जेव्हा गाडी आली" एवढेच लिहीत, त्यापुढे ठळक पूर्णविराम देत आणि खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहू लागत. मिनिट जाई, दोन मिनिटे जात. वर्गात चुळबूळ सुरू होई.

"सर, पुढे?"

"पुढे काय?"

"गाडी आली, मग काय झालं?"

"मला काय माहीत? पूर्णविराम दिलाय ना. गोष्ट संपली."

"अशी कशी संपली, सर? 'जेव्हा' म्हटलंय तुम्ही!"

मग सर उठत, पूर्णविराम बोटाने पुसत आणि म्हणत, "हेच काल तुमच्यापैकी चौदा जणांनी केलंय. दारातून आत यायचं, 'जेव्हा' म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. घरी आई असं करू देईल का?"

मोठ्या अक्षरांच्या पाठाचीही एक गंमत वर्षानुवर्षे व्हायची. मुलांना जे आवडे त्याचे पहिले अक्षर ती मोठे करत. यंदा सातवीत एकाने आईस्क्रीम प्रत्येक वेळी मोठ्या अक्षराने लिहिले होते.

"हे कोणाचं नाव आहे रे?"

"नाव नाही, सर. पण मला ते फार आवडतं."

"आवडण्यानं कोणी मोठं होत नाही. गणित तू लहान अक्षरात लिहिलंयस, ते मात्र आपसूक बरोबर आलंय."

वर्ग हसला, आईस्क्रीमवालाही हसला, आणि पुढच्या निबंधात ते लहान झाले. असे सगळे घड्याळाच्या काट्यासारखे चालले होते.

निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना सातवीतल्या एका मुलाचे वडील, औषधांचे दुकान चालवणारे गृहस्थ, वही घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत आले. त्यांनी वही टेबलावर उघडून ठेवली.

"मॅडम, हे बघा. पानंच्या पानं आहेत, आणि लाल शाईचा ठिपका नाही. हे सर वह्या तपासतात की नुसता वास घेतात?"

मुख्याध्यापिका वयाने सरांपेक्षा बारा वर्षांनी लहान होत्या आणि त्यांना मान देत. पण शाळेत सगळीकडे एकच पद्धत असावी हे त्यांच्याही मनात घोळत होतेच. छापील सरावपुस्तिका आणि लाल शाईची दुरुस्ती इतर वर्गांत सुरू झाली होती. त्यांनी सरांना बोलावून घेतले.

"सर, मुलं शिकतात हे मला मान्य आहे. पण पालकांना दिसत नाही. त्यांना दाखवायचं काय?"

सरांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि स्वतःच अट घातली. "सत्राच्या शेवटी पालकसभा आहे. सातवीचा शेवटचा निबंध मी टिंबं देऊन परत करीन. समोरच्या पानावर मुलांनी आपल्या चुका आपण सुधारलेल्या दिसल्या, तर पद्धत राहील. नाही दिसल्या, तर पुढच्या सत्रापासून लाल पेन मी स्वतः विकत आणीन."

"ठरलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. औषधवाल्यांनीही मान डोलावली.

निबंधाचा विषय होता, ज्याची मी वाट पाहिली तो दिवस. एक्केचाळीस वह्या सरांकडे जमा झाल्या त्याच दिवशी दुपारी सर पडले. शाळेतल्या लांब व्हरांड्याची फरशी नुकतीच पुसलेली होती. पुसलेल्या फरशीवर बुटांचे ठसे उमटवणे सरांना जन्मात जमले नसते, म्हणून त्यांनी भिंतीकडेच्या कोरड्या पट्टीवरून जाण्याचा प्रयत्न केला. पट्टी वीतभर होती. सर भिंतीशी घासत सात पावले गेले, आठवे पाऊल ओल्यात पडले आणि ते उजव्या हातावर आदळले. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर बसले.

"सरळ मधून चालला असता तर?" शिपायाने विचारले.

"तर तुला फरशी पुन्हा पुसावी लागली असती," सर कण्हत म्हणाले.

वह्या दुसऱ्या शिक्षिकेकडे देऊ, असे मुख्याध्यापिकांनी सुचवले. सरांनी घाईघाईने नकार दिला. ती शिक्षिका लाल पेनवाली होती. तिच्या हाती वह्या गेल्या म्हणजे परीक्षेआधीच निकाल लागला असता. त्यांनी दोन पिशव्यांत वह्या भरून घेतल्या आणि शिपायाला बरोबर घेऊन घर गाठले.

घरी त्यांची बायको शिवणकाम करत असे. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लागून कापायचे लांब टेबल, आणि खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने. तिच्या हाताला सूतभरही फरक खपत नसे. गिऱ्हाईक म्हणाले की चालेल, तरी ती उसवून पुन्हा शिवे. सरांना तिच्याइतका विश्वासाचा हात दुसरा कुठला मिळणार होता?

"मी वाचतो आणि ओळी सांगतो. तू टिंबं दे," सर म्हणाले.

"इंग्रजी मला येत नाही हं."

"येऊ नये हेच बरं. मध्ये बोलणार नाहीस."

"ते इंग्रजी आलं काय आणि नाही काय, मी बोलणारच."

कामाची व्यवस्था अशी लागली. सर खिडकीशी बसून वही पूर्ण वाचत. मग ती बायकोच्या हाती देत आणि मनात धरलेले आकडे सांगत: "तीन, सात, सात, अकरा." बायको मशीनवरचे कापड बाजूला सारून ओळी मोजी, टिंबे देई, वही मिटून ढिगावर ठेवी. तोवर सर पुढची वाचायला घेत. पहिली वही मात्र त्यांनी परत मागून घेतली आणि टिंबे निरखली.

"फार मोठं झालंय. हे टिंब आहे, बटण नव्हे."

"बरं. काज करू का शेजारी?"

दुसऱ्या वहीतली टिंबे त्यांच्या मनासारखी बारीक आली. सरांनी पाहिला तो आकार. जागा पाहण्याचे त्यांच्या मनातही आले नाही, कारण आकडे त्यांचे होते आणि मोजणारी ती होती. तीन संध्याकाळींत एक्केचाळीस वह्या हातावेगळ्या झाल्या. सोमवारी वह्या मुलांना गेल्या आणि गुरुवारी पुनर्लेखन होऊन परत आल्या. पालकसभा शुक्रवारी होती.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर सरांना तास नव्हता. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर रंगांच्या बाटल्या धूत होते. बाकी कोणी नव्हते. टिंबसरांनी डाव्या हाताने पहिली वही उघडली. एका मुलाने चांगले सरळ वाक्य मधोमध तोडून दोन लंगडी वाक्ये केली होती. सरांनी भुवया उंचावल्या आणि दुसरी वही घेतली. तिथे एका मुलाने आपल्या गावाच्या नावाचे मोठे अक्षर लहान केले होते. तिसऱ्या वहीत शीर्षकापुढे पूर्णविराम. चौथ्या वहीतही शीर्षकापुढे पूर्णविराम.

"यांना झालंय काय?" सर मोठ्याने म्हणाले. "सगळी एकदम खुळी झाली की काय?"

मग त्यांनी डाव्या बाजूचे मूळ पान नीट पाहिले. शीर्षकासमोर समासात टिंब होते. शीर्षकात काहीही चुकलेले नव्हते. चूक होती शीर्षकाखालच्या ओळीत, आणि ती मुलाने समोरच्या पानावर सुंदर अक्षरात जशीच्या तशी उतरवली होती. सरांनी दुसरे टिंब पाहिले. चूक त्याच्या खालच्या ओळीत. तिसरे टिंब, चूक खालच्या ओळीत. सर ओळी मोजत ते मजकुराच्या पहिल्या ओळीपासून. शीर्षक हे वाक्य नव्हे, तेव्हा त्यांच्या हिशेबी ती ओळच नव्हती. बायकोने मोजल्या असणार कागदाच्या वरच्या कडेपासून. एक्केचाळीस वह्यांतले प्रत्येक टिंब एक ओळ वर बसले होते.

चित्रकलेच्या सरांनी ऐकून घेतले, हात पुसले आणि खिशातून रबर काढून टेबलावर ठेवले.

"टिंबराव, पेन्सिलीचीच आहेत ना? पुसा आणि योग्य जागी द्या. मी मदत करतो. तासाभराचं काम."

"आणि पुनर्लेखन?"

"म्हणा, मुलं कच्ची आहेत. वर्षानुवर्षं म्हणत आलोय आपण."

"मुलं कच्ची नाहीत. हेच तर पाहा." सरांनी एक वही त्यांच्यापुढे सरकवली. "हा मुलगा वर्गात उभा राहून सांगतो की गावाच्या नावाला मोठं अक्षर लागतं. त्याला माहीत आहे. तरीही त्यानं ते लहान केलंय. कारण समोर टिंब आहे."

ते पुढे वह्या पाहतच राहिले. अकरा जणांच्या शीर्षकाला टिंब मिळाले होते. नऊ जणांनी शीर्षकापुढे पूर्णविराम दिला होता, एकाने त्यात स्वल्पविराम खुपसला होता आणि एकाने काहीच न सुचून शीर्षकच बदलले होते. जिथे योगायोगाने खरी चूक सापडली होती तिथे ती सुधारली गेली होती. बाकी चाळीस मुलांनी शहाण्या वाक्यांची हाडे मोडून ठेवली होती. एकाच वहीत काही मोडलेले नव्हते. ती दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीची होती. वर्गात ती सहसा बोलत नसे. तिने टिंबाच्या पाचही ओळी जशाच्या तशा लिहिल्या होत्या आणि पानाच्या तळाशी मराठीत लिहिले होते: "सर, या ओळींमधल्या चुका मला सापडल्या नाहीत. मी खूप वेळा वाचल्या. मला अजून येत नाही. माफ करा."

सरांनी ती ओळ वाचली आणि वही मिटून हातात तशीच धरून ठेवली. चित्रकलेच्या सरांनी रबर मुकाट्याने खिशात टाकले.

घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सांगितले. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"शीर्षक ही ओळ नाही? मग ते काय हवेत लिहितात?"

"अगं, ते वाक्य नसतं."

"मी कुठे वाक्यं मोजत होते? ओळी मोजत होते. माप कडेपासूनच घेतात. काठ सोडून माप घेतलं तर झगा अंगात तरी जाईल का?"

"तुझं बरोबर आहे."

ती थबकली. लग्नानंतर इतक्या चटकन हे वाक्य तिला कधी ऐकायला मिळाले नव्हते. "मग चूक कोणाची?"

"माझी. कुठून मोजायचं हे मी सांगायला हवं होतं. पण मला खटकतंय ते निराळंच. एक्केचाळीस पोरं. एकाच्याही मनात आलं नाही की सरांचं टिंब चुकलं असेल. आणि जिला चूक दिसत नव्हती तिनं माझीच माफी मागितली."

बायकोने कापडाची कड बोटांनी सरळ केली. "उद्या मी येते शाळेत. सांगते की मी दिली होती टिंबं."

"नको. सांगायचं तर मीच सांगीन."

शुक्रवारी सभेआधी सरांनी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर एक्केचाळीस वह्यांचा ढीग रचला. औषधवाले आणि दुसरे दोन पालक समोर बसले होते. सरांनी प्रस्तावना केली नाही. टिंबे कशी दिली, कोणी मोजली, एक ओळ कशी सरकली, हे त्यांनी क्रमाने सांगितले आणि औषधवाल्यांच्या मुलाची वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

औषधवाल्यांनी दोन्ही पाने निरखली. ते हसले, पण त्यात कुचेष्टा नव्हती. "सर, हात मोडला, माणूस आहे, असं होतं. माझ्या दुकानातही एकदा बरण्यांच्या चिठ्ठ्या एक खण सरकल्या होत्या. म्हणजे टिंबं चुकली; पद्धत नाही चुकली. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा. मी थांबायला तयार आहे."

मुख्याध्यापिकांनीही दुजोरा दिला. "हो, सर. ही परीक्षा धरायचीच नाही."

समोर वाट मोकळी झाली होती. सरांनी प्लॅस्टरचा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

"तुमच्या दुकानात चिठ्ठ्या सरकल्या तेव्हा कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारले.

"माझ्या नोकराच्या. म्हणाला, शेठ, हे खोकल्याचं औषध पिवळं कसं?"

"माझ्या वर्गात तसं कोणी म्हणालं नाही. खोकल्याचं औषध पिवळं दिसत होतं, आणि चाळीस जणांनी ते मुकाट्यानं प्यायलं. लाल शाईच्या वेळी मुलं माझे शब्द उतरवून घेत होती, म्हणून मी ती सोडली. आता ती माझी टिंबं उतरवून घेतात. मला वाटत होतं, ती चुका शोधतात. ती टिंब शोधतात आणि टिंबाखाली काहीतरी पुरतात. हे या एका निबंधातलं नाही, मॅडम. एक ओळ सरकली म्हणून ते दिसलं, इतकंच."

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"पद्धत टिकली नाही. अट मी घातली होती, ती पाळतो. पुढच्या सत्रापासून सरावपुस्तिका आणा. लाल पेन मी आणीन."

औषधवाले गडबडले. "अहो सर, मी इतकं काही म्हटलं नव्हतं."

"तुम्ही नाही म्हटलंत. वह्यांनी म्हटलं."

मुख्याध्यापिका पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिल्या. सव्वीस वर्षांची पद्धत जाते आहे, आणि ती आणणारा माणूसच ती घालवतो आहे, हे त्यांना पचायला वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे, सर. पुस्तिका येतील. पण या वर्गाचा उरलेला महिना तुमचाच आहे. त्यात काय करायचं ते तुम्ही ठरवा."

शनिवारी पहिला तास सातवीचा होता. सरांनी भिंतीवरचा दोन ओळींचा कागद डाव्या हाताने काढला. एक टाचणी निघेना, तेव्हा आईस्क्रीमवाल्याने बाकावर चढून ती ओढून दिली. वह्या वाटून झाल्या. सर खुर्चीत बसले नाहीत.

"तुमच्या वह्यांत एक मोठी चूक आहे," ते म्हणाले. "ती तुमची नाही. शोधा."

मुलांनी पाने उलटली, टिंबांकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले. कोणीही हात वर केला नाही. मागच्या बाकावरून कुजबुज आली, "टिंब कुठे दिलंय पण?"

"या चुकीला टिंब नाही," सर म्हणाले.

पाच मिनिटे गेली. गौण वाक्याच्या पाठाला सर जसे निवांत बसत तसे आज त्यांना बसवेना. अखेर औषधवाल्यांचा मुलगा अर्धवट उठला. वडिलांनी घरी त्याला काही सांगितले असावे, किंवा नसावे.

"सर, बोलू का? रागावणार नाही ना?"

"बोल."

"माझ्या सगळ्या टिंबांच्या खालच्या ओळीत चुका आहेत. वरच्या ओळी बरोबरच होत्या. मी उगाचच मोडल्या."

"माझ्यापण!" कोणीतरी ओरडले, आणि मग एकच गलका उडाला. माझ्यापण, सर. माझ्या शीर्षकाला टिंब होतं, मला तेव्हाच वाटलं होतं. सर, मी आईला विचारलं होतं, ती म्हणाली सरांनी दिलंय म्हणजे असणार काहीतरी. सरांनी गलका होऊ दिला. शिपाई दारातून डोकावून, वर्ग त्यांचाच आहे ना याची खात्री करून गेला.

"माझी चूक झाली," गलका ओसरल्यावर सर म्हणाले. "ओळी मोजण्यात झाली. पण तुमच्यापैकी ज्यांना वाटलं होतं त्यांनी मला विचारलं का नाही?"

आईस्क्रीमवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले, "सर, तुमचं टिंब चुकत नाही ना."

सरांनी दुसऱ्या बाकाजवळ जाऊन त्या अबोल मुलीची वही मागून घेतली, तळाची ओळ हाताने झाकली आणि वही वर्गाला दाखवली. "हिनं एकही चांगली ओळ मोडली नाही. हिला चुका सापडल्या नाहीत, कारण तिथे त्या नव्हत्याच. तुला येतं," ते तिला म्हणाले. "तुला आठवड्यापूर्वीही येत होतं."

मुलीचे कान लाल झाले. तिने वही परत घेतली. आता ती खाली बसेल असे वाटत असतानाच ती म्हणाली, "सर, अजून एक आहे."

"काय?"

"खालून चौथी ओळ. तिच्या वर टिंब नाही, खाली नाही. पण तिथे मी चुकले आहे. 'कारण' म्हणून सुरू केलंय आणि वाक्य पुरं केलेलंच नाही. तुम्हाला दिसलं नाही का?"

सरांनी चष्मा सारखा केला आणि ओळ वाचली. पुन्हा वाचली. गौण वाक्य एकटेच, आधाराविना, पुढे पूर्णविराम लावून उभे होते. त्या संध्याकाळी बायकोच्या मशीनच्या आवाजात त्यांनी ते वाचले होते आणि त्यावरून पुढे गेले होते.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "चूक आहे."

"मग टिंब देऊ?"

"दे."

तिने पेन्सिल उचलली, समासाजवळ नेली आणि थांबली. "कितवी ओळ धरायची, सर?"

"मोजू नकोस. चुकीवरच बोट ठेव आणि शेजारी कारण लिही. बाकीच्यांनीही आपापल्या वह्या उघडा. माझ्या नजरेतून आणखी काय काय सुटलंय ते मला पाहायचं आहे."

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा अशा सव्वीस चुका निघाल्या होत्या, आणि त्या फळ्यावर मांडता मांडता डाव्या हाताने लिहिलेली सरांची अक्षरे डोंगर चढत गेली होती. गणिताच्या बाई दारात उभ्या होत्या.

"सर, माझा तास."

"दोनच मिनिटं," सर म्हणाले. "शेवटच्या बाकावरच्यांच्या अजून राहिल्यात."